पुस्तकात नसलेली आत्या

रेडिओमावशीला आईबापांनी ठेवलेलं एक नाव होतं, पण ते आता फक्त दवाखान्यात कामाला यायचं. बाइंडिंगखान्यात मालकापासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळे तिला रेडिओमावशीच म्हणत. सकाळी टेबलावर पहिला फर्मा पडला की हा रेडिओ सुरू व्हायचा आणि डबे उघडले की बंद पडायचा, कारण तोंडात घास असताना बोलायचं नाही एवढी एकच शिस्त मावशीने आयुष्यात पाळली होती.

आता फर्मा म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढची सगळी गंमत वाया जाईल. पुस्तक काही एकेक पान करून छापत नाहीत. चादरीएवढ्या कागदावर दोन्ही बाजूंनी पानं छापायची, त्या कागदाच्या घड्या घालायच्या, की झाला सोळा पानांचा एक फर्मा. असे फर्मे एकावर एक ठेवून सुई-दोऱ्याने शिवले, पाठीला खळ लावली, वर पुठ्ठा चढवला, की त्याला आपण पुस्तक म्हणतो आणि त्यावर लेखकाचं नाव घालतो. शिवणाऱ्या बायकांचं नाव कुणी घालत नाही. त्यांनाही त्याचं काही वाटत नसे, कारण त्यांना दुसरंच सुख होतं. जगात कुणीही वाचलेलं नाही असं पुस्तक त्या सगळ्यांच्या आधी ऐकायच्या.

खोली लांबट होती. मधोमध तितकंच लांब टेबल, दोन्ही बाजूंना बाकं, बाकांवर बायका, आणि टोकाला खिडकीपाशी एक लाकडी खुर्ची. ती मावशीची. मागच्या दाराशी कटाई यंत्र होतं, ते मधूनमधून धाडकन आवाज करायचं आणि नवीन माणूस दचकायचा. शेजारच्या गल्लीतल्या छापखान्यातून रोज एखादा फर्मा सुटायचा. आजचा फर्मा ऐन रंगात येऊन संपला की उद्या सकाळपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला. घरी भाजी करपायची, त्याचं खापर नवरे बाइंडिंगखान्यावर फोडायचे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

काय येईल ते मावशी वाचायची. कादंबरी आली तर सोन्याहून पिवळं, पण हिशेबतपासणीचं पाठ्यपुस्तक आलं तरी ती मागे हटत नसे. एकदा कोंबडीपालनाचं पुस्तक आलं होतं. त्यातलं ‘रोग व उपाय’ हे प्रकरण तिने असं वाचलं, की पाठीला खळ लावणारी खळबाई डोळ्यांना रुमाल लावून बसली. ‘सदर पक्षी मान टाकतो’ या वाक्यापाशी तर सगळं टेबल थांबलं. खळबाईचं रडणं तसं स्वस्तच, तिला कांदा लागत नाही. पण त्या दिवशी मालकही काही वेळ दारात उभा राहिला होता.

हे वाचन काही फुकटचं नव्हतं. मावशी लग्न होऊन आली तेव्हापासून याच टेबलावर फर्मे शिवत होती. पुढे बोटांच्या सांध्यांनी दगा दिला. सुई हातातून सुटायला लागली, आणि जिच्या हातून सुई सुटते तिचं या धंद्यात काय काम? मालक बिचारा सांगायला शब्द शोधत होता. तेवढ्यात मुकादमबाई बोलली. ही टेबलाची प्रमुख. तिच्या तोंडी लागण्यापेक्षा दाभण टोचून घेतलेलं परवडलं असं म्हणायचे.

“उद्यापासून हिच्या वाटणीची थप्पी आपण सगळ्यांनी मिळून शिवायची,” ती म्हणाली. “हिने वाचायचं. एरवीही ही बडबडतेच, निदान छापलेलं तरी बडबडेल. आणि वाचता वाचता डुलकी लागली, तर थप्पी परत हिच्या पुढ्यात.”

ठरलं ते ठरलं. तेव्हापासून प्रत्येक बाई आपलं काम संपलं की मावशीच्या थप्पीतली थोडी पुस्तकं ओढून घ्यायची. मावशी त्याच्या बदल्यात घसा कोरडा करायची. ती खुर्ची तिला कुणी दान दिलेली नव्हती. ती तिने रोजच्या रोज कमावलेली होती, आणि म्हणूनच ती तिला जिवापाड प्यारी होती.

मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डॉक्टर म्हणाले, घाई नाही, थोडं थांबून ऑपरेशन करू, तोवर चष्म्यावर भागवा. मावशीने भागवलं. खिडकीशी उजेडात धरलं की बरीचशी पुस्तकं निमूटपणे वाचून घ्यायची. तिने कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही झालंच नव्हतं. ते झालं घड्याळजींच्या कादंबरीच्या वेळी.

कादंबरी येणार याचा गाजावाजा मालकानेच केला होता. दोन सख्खे भाऊ, दोघेही घड्याळं दुरुस्त करणारे, समोरासमोर दुकानं, आणि कित्येक वर्षांचा अबोला. लेखक निवृत्त भूगोल शिक्षक, पहिलंच पुस्तक. “आणि फर्मे कमी आहेत बरं का!” मालकाने वर सांगितलं. प्रकाशकाच्या हिशेबात शेवटच्या फर्म्यावर थोडीच पानं जात होती. त्यासाठी अख्खा फर्मा कशाला घालवा, म्हणून त्याने अक्षर बारीक करून सगळं मावेल तसं मावून घेतलं होतं.

टेबलावर आनंदीआनंद झाला. मजुरी पुस्तकामागे मिळायची, त्यामुळे फर्मे कमी म्हणजे टाके कमी. पुस्तक हातात घेतल्यावर तुम्ही-आम्ही अक्षर बघतो, या बायका आधी जाडी बघतात. मावशीनेही टाळ्या वाजवल्या. मग पहिला फर्मा तिच्या हातात आला, आणि टाळ्या वाजवणारे हात तसेच राहिले.

पानावर कुणीतरी मोहरी सांडून ठेवली होती. कागद मळकट, शाई फिकी, आणि ओळी इतक्या खेटून बसवलेल्या, की वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांना लाथा मारत होते. जोडाक्षरांच्या पोटात शाई भरून त्यांचे नुसते गोळे झाले होते. मावशीने फर्मा खिडकीकडे नेला, नाकाशी आणला, हाताएवढा लांब धरला. चष्मा पुसला. पुसलेल्या चष्म्यातून मोहरी जास्त स्वच्छ दिसली.

“वाचतेस ना गं?” टेबलाच्या त्या टोकाहून मुकादमबाई म्हणाली. तिच्यापुढे दोन थप्प्या होत्या, एक स्वतःची आणि एक मावशीच्या वाटणीतली.

मावशीने फर्मा परत खिडकीकडे वळवला. ‘मला दिसत नाही’ एवढे तीन शब्द होते. पण ते म्हटले की खुर्ची गेली, आणि खुर्ची गेली की उरलं घर, घरातली खिडकी, आणि खिडकीतून दिसणारी समोरच्यांची वाळत घातलेली चादर. तिने खाकरून घसा साफ केला आणि फर्म्याकडे बघत म्हणाली, “त्या गल्लीत सकाळी सर्वांत आधी काय जागं होत असेल, तर घड्याळं.”

बायकांनी माना डोलावल्या. वाक्य चांगलं होतं. कुणाचं होतं हा प्रश्न कुणाच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं.

पहिला दिवस निभावला. दुसराही. तिसऱ्या दिवशी मात्र घोडं पेंड खायला लागलं. एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन पुरुषांवर माणूस किती दिवस काढणार? हा इकडे स्क्रू फिरवतोय, तो तिकडे स्क्रू फिरवतोय. खळबाईने जांभई दिली. कथेत एक बोलणारं तोंड हवं होतं, अगदी ताबडतोब. त्याच क्षणी मुकादमबाई दोऱ्याच्या रिळावर खेकसली, “मेल्या, सरळ ये की! तुझ्या मागे लागायला मला दुसरे उद्योग नाहीत का?”

“इतक्यात,” मावशी वाचू लागली, “दुकानाच्या दारात आत्या उभी राहिली.”

बस्स. आत्या आली आणि गोष्टीला पाय फुटले. ही दोन्ही घड्याळजींची आत्या, वय सांगत नसे, चुकूनही गोड बोलत नसे. एका भावाचा निरोप दुसऱ्याला देताना ती त्यात स्वतःच्या पदरचं घालायची. थोरला म्हणायचा, “त्याला सांग, माझी शिडी परत कर.” आत्या धाकट्याला सांगायची, “थोरला विचारतोय, तुझी पाठ कशी आहे, आणि शिडी उचलताना जपून.” कुणाच्या डोक्यावर ओझं दिसलं की ती ते हिसकावून घ्यायची आणि वर सुनवायची, “दे इकडे. तुझ्यासाठी नाही करत, तुझी कण्हकण्ह ऐकवत नाही म्हणून करते.” एकदा तर तिने, सगळे नको म्हणत असताना, सायकल शिकायचं ठरवलं.

टेबल आत्यावर जीव ओवाळून टाकायला तयार होतं. सगळ्यांत जास्त कुणाला आवडली असेल, तर ती मुकादमबाईला. “ही बाई शहाणी आहे,” ती टाका ओढत म्हणायची. “लेखकाने खरी बघून लिहिली असणार. असली बाई बसल्या बसल्या सुचत नाही.”

मावशी यावर पान उलटायची. पानं वेळेवर उलटावी लागत, हे तिला फार सांभाळावं लागे. एकदा तर खळबाई म्हणाली, “मावशी, फर्मा उलटा धरलाय.” मावशी म्हणाली, “घडी तपासत होते.” यंत्र धाडकन वाजलं आणि विषय तिथेच कापला गेला.

घरी मात्र लपवाछपवी चालेना. सून चाणाक्ष होती. सासूने औषधाची पट्टी हात लांब करून वाचायचा प्रयत्न केला आणि शेवटी गोळीच्या रंगावरून घेतली, हे तिने दोनदा पाहिलं होतं.

“आई, काय होतंय ते सांगा बरं,” सून म्हणाली. मावशीने सांगितलं, आत्यासकट. सून हसता हसता ओट्याला टेकली.

“हसतेस काय? माझ्या पोटात गोळा आलाय.”

“गोळा कसला आई, तुमच्या पोटात अख्खी कादंबरी आली आहे,” सून म्हणाली. मग तिने आपला टॅब आणला. रात्रीचं जेवण शिजेपर्यंत ती त्यावर पुस्तकं वाचायची, पाण्याच्या तांब्याला टेकवून. “हे बघा. अक्षर बारीक वाटलं की असं करायचं.” तिने कोपऱ्यात कुठेतरी बोट लावलं, आणि अक्षरं पीठ फुगावं तशी फुगली. ओळी एकमेकींपासून सरकून बसल्या. कागद पांढरा नको तर पिवळसर झाला.

मावशी कितीतरी वेळ बघत राहिली. एका पडद्यावर मोजकेच शब्द उरले होते, पण एकेक शब्द असा, की त्याच्याशी बोलावं. तिने सवयीने बोट जिभेला लावलं आणि पान उलटायला गेली. सुनेने घाईघाईने काच पुसली.

“मग घड्याळजींचं पुस्तक यात आण की.”

“ते अजून बाहेर आलेलं नाही ना! तुमच्याच टेबलावर अडकलंय,” सून म्हणाली. “आई, तुम्ही सांगून का टाकत नाही?”

“सांगितलं तर मुकादमबाई थप्पी माझ्या पुढ्यात आपटेल. आणि या बोटांनी मी ती शिवू शकत नाही.” मावशीने टॅब परत दिला. “चार फर्मे राहिलेत. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

इथे तिचा हिशेब चुकला. आजवर जितक्या कादंबऱ्या तिने वाचल्या, त्या अंदाजाने ती फर्मे धरून चालली होती. प्रकाशकाने एक वाचवला होता हे ती आनंदाच्या भरात विसरली. पुढचे दोन फर्मे झाले आणि तिसऱ्या दिवशी तिने आत्याला सायकलवर बसवून टेकडीच्या उतारावर सोडलं. ब्रेक लागेना. खाली वळणावर दोन्ही भाऊ, एकाच्या हातात शिडी. “आत्याने डोळे मिटले,” मावशीने वाचलं आणि फर्मा मिटला, कारण अशा ठिकाणी थांबलं की उद्याची सकाळ छान जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फर्मा आलाच नाही. “संपलं पुस्तक,” मालक म्हणाला. “काल आला तो शेवटचा.”

“संपलं?” मुकादमबाई सुई घेऊन उभी राहिली. “आणि आत्या? ती उतारावरच?”

टेबलावर असा काही संताप उसळला, की विचारू नका. सगळा लेखकावर. असा कसा लेखक, म्हातारीला ब्रेकशिवाय सोडून खुशाल निघून गेला? मावशी खिडकीबाहेर बघत राहिली. तिला आत्याचीही काळजी होती आणि स्वतःचीही.

आणि दोन-चार दिवसांनी नेमका लेखक आला. पुस्तकं बांधून तयार झाली होती आणि पहिली प्रत स्वतःच्या हाताने घ्यायची त्याची फार इच्छा होती. उंच, सडपातळ, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात बायकांसाठी बिस्किटांचे पुडे. मालकाने प्रत त्याच्या हातात ठेवली. त्याने ती छातीशी धरली. चेहऱ्यावर असा आनंद, की एरवी कुणीही विरघळलं असतं.

“तुम्हीच का ते लेखक?” मुकादमबाईने विचारलं.

“हो, मीच.”

“मग एक सांगा. आत्या पडली की नाही?”

“कोण आत्या?”

“कोण म्हणजे? पुस्तकात एकच तर आत्या आहे!”

“सायकलवाली,” खळबाईने मदत केली. “शिडीचा निरोप सांगते ती. अहो, तुमचीच ना?”

लेखकाने एकीकडून दुसरीकडे पाहिलं. भूगोलाच्या तासाला विद्यार्थी चंद्रावरची नदी विचारू लागले तर शिक्षकाचा चेहरा होईल, तसा त्याचा झाला होता. “माझ्या कादंबरीत आत्या नाही,” तो म्हणाला. पण आठ-दहा बायका ठामपणे आहे म्हणाल्या की माणूस स्वतःवरच शंका घेतो. प्रकाशकाने परस्पर घातली की काय, असं पुटपुटत त्याने पुस्तक उघडलं.

आधी जवळ धरलं. मग लांब धरलं. मग चष्मा कपाळावर चढवला, आणि शेवटी प्रत घेऊन खिडकीपाशी गेला, मावशीच्या खुर्चीच्या अगदी शेजारी.

“हे काय छापलंय?” तो म्हणाला. “मला माझंच वाचता येत नाहीये.”

मावशीच्या मनात आलं, आता गप्प बसलं तर अजूनही चालेल. दोष छपाईवर जाईल, आत्याचं कुणीतरी काहीतरी समजून घेईल. पण तो माणूस स्वतःच्या पहिल्या पुस्तकाकडे असा बघत होता, की तिला राहवेना. ती खुर्चीतून उठली.

“मलाही आलं नाही,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून नाही आलं. आत्या माझी आहे. सगळं माझंच आहे. तुमच्या पुस्तकातली एक ओळसुद्धा मी यांना वाचून दाखवलेली नाही.”

कटाई यंत्रसुद्धा थांबलं होतं. मुकादमबाईने हातातली सुई दोऱ्याच्या रिळात खोचली, सावकाश.

लेखक स्टुलावर बसला. “मी सहीनिशी होकार दिला होता या पानांना,” तो म्हणाला. “प्रकाशकाने टॅबवर पाठवली होती. मी बोटांनी मोठी करून करून वाचली. एकेक अनुस्वार तपासला. किती सुंदर दिसतंय, म्हणालो.” त्याने प्रकाशकाला तिथूनच फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की आम्हीही पडद्यावरच पाहिलं, आम्हालाही सुंदर दिसलं. सगळ्यांनी पुस्तक मोठं करून पाहिलं होतं. कागदावर हातात धरून पाहायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

“कागद पहिल्यांदा माझ्या हातात आला होता,” मावशी म्हणाली. “तेव्हाच ओरडले असते, तर बाकीचे फर्मे थांबले असते. खुर्ची जाईल म्हणून गप्प बसले. चूक झाली माझी.”

यावर लेखकाने रागवायला हवं होतं. त्याने बिस्किटाचा पुडा फोडला. “ते नंतर बघू,” तो म्हणाला. “आधी मला ती आत्या सांगा.”

मावशीने भीत भीत सुरुवात केली. शिडीच्या निरोपापाशी लेखक हसला. सायकल शिकण्यापाशी मालकाने त्याला दिलेला चहा इस्त्रीच्या शर्टावर सांडला, तरी त्याने पुढे सांगा अशी खूण केली. उताराशी येऊन मावशी थांबली.

“मग?”

“मग फर्मे संपले.”

“म्हणजे पडली की नाही, ते तुम्हालाही माहीत नाही?”

“नाही ना!” मावशी कळवळून म्हणाली, आणि लेखक असा हसला, की मालक आतून पाणी घेऊन आला.

मग लेखकाने पिशवीतून आपला टॅब काढला, अक्षरं चांगली टपोरी केली आणि मावशीच्या हातात दिला. “आता माझे भाऊ वाचून दाखवाल का? कुणी मोठ्याने वाचलेलं मी अजून ऐकलं नाही.”

तिने वाचलं. खरी कादंबरी शांत होती. तिच्यात निरोप नव्हते, सायकल नव्हती. दोन दुकानं, मधला रस्ता, आणि रोज सकाळी कुलूप उघडताना दोन्ही भावांची एकमेकांना चोरून पाहण्याची सवय, एवढंच. पण मावशीचा आवाज त्या वाक्यांत असा बसला, की बायकांनी सुया खाली ठेवल्या. शेवटी भाऊ बोलतात, एवढं सांगायला हरकत नाही. ते काय बोलतात हे ऐकताना खळबाई रडली, हे सांगायची गरज नाही. लेखकही रडला. मुकादमबाई रडली नाही. ती डबा घेऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मावशी लवकर आली आणि खुर्चीकडे न जाता बाकावर, आपल्या जुन्या जागी बसली. मुकादमबाईने तिच्याकडे पाहिलं आणि एक छोटीशी थप्पी तिच्या पुढ्यात सरकवली.

“जे दिसत नाही ते वाचायचं नाही,” ती म्हणाली. एवढंच.

त्यानंतरचे दिवस बाइंडिंगखान्याला फार जड गेले. मावशी आखडलेल्या बोटांनी दिवसभरात जेमतेम काहीतरी शिवायची. खळबाईने वाचून पाहिलं, पण तिचं वाचणं म्हणजे स्टेशनवरची घोषणा, प्रवासवर्णनातली गाडीसुद्धा उशिरा सुटतेय असं वाटायचं. शांततेत बायकांच्या चुका वाढल्या. एका पाकक्रियांच्या पुस्तकात गोडाचा फर्मा लोणच्यांच्या आधी शिवला गेला, सगळं उसवावं लागलं.

तिकडे घड्याळजींचं पुस्तक दुकानात गेलं. ज्यांनी टॅबवर, फोनवर घेतलं, त्यांनी अक्षरं हवी तेवढी फुगवली आणि पुस्तकाला डोक्यावर घेतलं. ज्यांनी कागदावर घेतलं, त्यांनी प्रकाशकाला फोन करून विचारलं, पुस्तकाबरोबर भिंग मिळतं का. एका आजोबांनी म्हणे नातवाकडून टॅबवर वाचून घेतलं आणि छापील प्रत डळमळणाऱ्या पलंगाच्या पायाखाली लावली. प्रकाशकाला फर्मा वाचवण्याचं सुख चांगलंच महागात पडलं. सुनेने तर मावशीला पूर्ण कादंबरी टॅबवर मोठ्याने वाचायला लावली, स्वयंपाक होईपर्यंत, रोज. भाजी आता या घरातही करपू लागली.

मग एके सकाळी मालक नवा फर्मा घेऊन आत आला. “दुसरी आवृत्ती,” तो म्हणाला. “अक्षर मोठं केलंय. आणि आधीच सांगतो, फर्मे वाढलेत. बरेच.”

बाकांवरून एक सुस्कारा फिरला. मुकादमबाईने फर्मा घेतला, चाळला, आणि उठून मावशीसमोर ठेवला.

“दिसतंय?”

मावशीने खिडकीकडे नेला नाही, नाकाशी आणला नाही, मांडीवरच ठेवून पाहिला. ओळी ऐसपैस बसल्या होत्या. कुणी कुणाला लाथ मारत नव्हतं.

“दिसतंय,” ती म्हणाली.

“काय दिसतंय?”

मावशीने पहिलं पान उघडलं. अर्पणपत्रिका होती, मागच्या वेळी नसलेली. तिने वाचली आणि थांबली. परत वाचली, या वेळी मोठ्याने.

“आत्याबाईंना, ज्या या पुस्तकात नाहीत.”

मग टेबलाच्या एका टोकाने हसायला सुरुवात केली आणि ते हसू दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत खळबाईचा रुमाल ओला झाला होता. मावशीने डोळे पुसले, चष्मा पुसला आणि नव्या फर्म्यांच्या ढिगाकडे पाहिलं. ढीग खरोखरच मोठा होता. तिने आपली थप्पी पुढे ओढली आणि सुई उचलली. “फर्मे फार आहेत गं,” ती म्हणाली. “या वेळी तुमच्यावर भार नको. माझं मी बघते जमेल तसं...”

मुकादमबाईने थप्पी तिच्या हाताखालून ओढून घेतली.

“दे इकडे,” ती म्हणाली. “तुझ्यासाठी नाही करत, तुझी कण्हकण्ह ऐकवत नाही म्हणून करते.”

टेबलावरचे सगळे हात थांबले. हे वाक्य तिथल्या प्रत्येकीला पाठ होतं. मावशी आ वासून तिच्याकडे बघत राहिली. मुकादमबाईने शांतपणे सुईत दोरा ओवला, गाठ मारली, आणि मानेनेच खिडकीपाशी रिकाम्या पडलेल्या खुर्चीकडे खूण केली.

“बघतेस काय? तिथे जाऊन बस आणि वाच,” ती म्हणाली. “आणि डबे खाऊन झाले की त्या सायकलचं सांग. मी पडले की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.”